फळा, पडदा आणि पाच मिलिमीटरची पट्टी

(गेल्या गणेशोत्सवात शिक्षकांच्या सत्कार-समारंभात केलेले भाषण. मोबाइलवरील रेकॉर्डिंगवरून उतरवून, थोडी काटछाट करून दिले आहे.)



कार्यकारिणीने मला 'वर्गातील तंत्रज्ञान आणि शिक्षक' हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी डिप्लोमावाला माणूस. मिरजेच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलो, रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो आणि गेली वीसेक वर्षे पॅनेल, रिले आणि पॉइंट मशीन यांच्यातच आहे. ज्या पेटेत कन्नड साहित्य परिषद आहे, तिथे शिक्षणावर बोलायला माझ्याहून लायक माणसे दर दुसऱ्या घरात मिळतील. पण सेक्रेटरी म्हणाले, "तीन वर्षं ट्रेनिंगला शिकवत होतात ना? मग तेच सांगा." तेव्हा तेच सांगतो. समोर बसलेल्या बाईंनी आणि सरांनी हसू नये, एवढी विनंती. तुम्ही रोज जे करता ते मला कसे जमले नाही, त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्याकडे टेक्निशियन लोकांसाठी रिफ्रेशर कोर्स असतात. वर्गात बावीस-पंचवीस माणसे. कोणी हुबळीचा, कोणी सेलमचा, कोणी बिहारचा, दोघे-तिघे माझ्यापेक्षा वयाने मोठे. शिकवण्याची भाषा म्हणजे हिंदी, कन्नड आणि हातवारे. मी गेलो तेव्हा तिथे खडू-फळा आणि भिंतीवरचे पिवळे पडलेले तक्ते होते. मला प्रोजेक्टर मिळाला. मग काय विचारता! रात्री जागून स्लाइड्स बनवू लागलो. हलणारी चित्रे, बाण, लाल-हिरवे दिवे. घरी बायको म्हणायची, पोरांच्या अभ्यासाला एवढा जागला असतात तर! वर्गातली मंडळी खूष होती, वरचे साहेब खूष होते, आणि सगळ्यात जास्त मी स्वतः खूष होतो.

आता थोडे आमच्या धंद्याचे सांगावे लागेल, त्याशिवाय पुढचे कळणार नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेला आम्ही पॉइंट म्हणतो. तिथे एक हलणारा, टोकाकडे निमुळता होत गेलेला रूळ असतो, तो टंग रेल. तो बाजूच्या पक्क्या रुळाला, म्हणजे स्टॉक रेलला, घट्ट चिकटला पाहिजे. मध्ये फट राहिली आणि चाकाची कड तिथे शिरली, तर पुढे काय होईल ते रेल्वेच्या माणसाला सांगायला नको. म्हणून तपासणी करतात ती अशी : टंग रेलच्या टोकापासून दीडशे मिलिमीटरवर, दोन रुळांच्या मध्ये पाच मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी धरायची आणि मशीन चालवायचे. मशीन लॉक होता कामा नये. पॉइंट बसला असा संकेत पॅनेलवर येता कामा नये. मोटर फिरेल, क्लच घसरेल, पण लॉक नाही. लॉक झालेच तर सेटिंग बिघडले आहे असे समजायचे. एवढीशी पट्टी, पण तिच्यावरून हजारो माणसांची गाडी जायची असते.

या तपासणीची माझी स्लाइड सगळ्यांत देखणी होती. टंग रेल सरकत येतो, पट्टीवर अडकतो, मोटर गरगर फिरते, पॅनेलवरचा दिवा लुकलुकत राहतो. शेवटी लेखी परीक्षा. 'पट्टी टोकापासून किती अंतरावर?' जवळजवळ सगळ्यांनी लिहिले, दीडशे मिलिमीटर. मी घरी पेढे नेले नाहीत एवढेच.

दुसऱ्या दिवशी मॉडेल यार्डात प्रॅक्टिकल. हावेरीकडचे एक सीनियर टेक्निशियन पुढे झाले. पंचवीस वर्षे खात्यात, खलाशी म्हणून लागलेले, हाताला धरून काम शिकलेले. पण इतकी वर्षे त्यांची टेलिकॉमच्या बाजूला गेली होती, पॉइंटवर नवे होते. पेपरात त्यांना पैकीच्या पैकी. त्यांनी पट्टी घेतली आणि टोकापासून चांगली मीटरभर आत धरली. मशीन चालवले. टंग रेल तिथे जरा वाकला, टोक मात्र जाऊन बसले, मशीन लॉक झाले आणि पॅनेलवर संकेत आला. ते म्हणाले, "सर, सेटिंग बिघडलंय," आणि पाना उचलला. चांगले मशीन ते बिघडवायला निघाले होते. मी ओरडलोच. "पट्टी तिथे का धरली?" तर शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही पडद्यावर तिथेच दाखवली होती."

मी तसाच वर्गात जाऊन लॅपटॉप उघडला. खरेच होते. टोकाजवळ मी 'टो ऑफ स्विच' असे नाव लिहिलेली मोठी चौकट टाकली होती. पट्टी तिच्याखाली झाकली जात होती, म्हणून चित्र छान दिसावे यासाठी मीच ती उजवीकडे सरकवली होती. खाली अक्षरांत लिहिले होते दीडशे मिलिमीटर. त्या माणसाने परीक्षेत अक्षरे लिहिली आणि हाताने चित्र केले. आता सांगा, चुकले कोण?

यार्ड मॉडेलचे होते, नुकसान कोणाचे झाले नाही. पण ही स्लाइड मी आधीच्या चार बॅचेसना दाखवली होती. ती माणसे एव्हाना आपापल्या स्टेशनांवर परत गेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वह्या काढून एकेकाला फोन केले. बहुतेकांना काम आधीपासून येत होते, त्यांनी चित्राकडे लक्षच दिले नव्हते. त्यांच्या अनुभवाने मला वाचवले.

चालू वर्गात मी कबुली दिली, की माझी स्लाइड चुकीची होती. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, "सर, मला आणि याला तेव्हाच वाटलं होतं की पट्टी लांब दिसतेय. पण तुम्ही दाखवताय म्हटल्यावर..." पुढचे वाक्य त्याने गिळले. मला स्लाइडच्या चुकीपेक्षा हे वाक्य जास्त लागले. फळ्यावर मी हाताने काढले असते, तर तो बहुधा बोलला असता. पडद्यावर रंगीत हलते चित्र आले की ते छापील पुस्तकासारखे वाटते, त्यात चूक असेल असे कोणाच्या मनातच येत नाही. आणि आले तरी अंधारात हात वर कोण करणार? मी दिवे मालवून शिकवत होतो ना!

माझी थोरली बहीण जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला फोनवर सगळे सांगितले. मला वाटले ती समजूत घालील. ती म्हणाली, "तू तुझा तास कधी ऐकलायस का? मोबाइल टेबलावर ठेव आणि रेकॉर्ड कर. मग बोल."

आमच्या खात्यात बिघाड झाला की पहिल्यांदा डेटा लॉगर बघतात. कोणता रिले किती वाजून किती सेकंदांनी उचलला आणि कधी पडला, याची सगळी नोंद त्यात असते. स्टेशन मास्तर एक सांगतो, आमचा माणूस दुसरे सांगतो, आणि लॉगर तिसरेच सांगतो. ताईच्या सांगण्यावरून मी माझा लॉगर लावला आणि रात्री गच्चीवर जाऊन ऐकला. घरात ऐकायची हिंमत नव्हती. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात अडतीस मिनिटे मीच बोलत होतो. 'समझ गये?' आणि 'गोत्तायता?' मिळून चौदा वेळा विचारले होते, आणि चौदाही वेळा 'हां सर' आले होते. खरे प्रश्न पाच विचारले. त्यांतल्या चारांची उत्तरे मीच देऊन टाकली. प्रश्न आणि माझे उत्तर यांच्यामध्ये घड्याळ लावून पाहिले, दोन सेकंदसुद्धा नाहीत.

ताई म्हणाली, त्यात लाजायचे काही नाही, हा जुना रोग आहे. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात शिक्षकांचे तास टेप करून असेच मोजले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारीही बोलू लागतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही, पण पंचवीस माणसांसमोर गप्प उभे राहून पाहा. मला पहिल्या दिवशी ते सिग्नलला थांबलेल्या गाडीसारखे वाटले.

तर माझ्या लक्षात आलेली गोष्ट ही, की प्रोजेक्टरने माझे शिकवणे सुधारले नव्हते, त्याचा आवाज फक्त मोठा केला होता. चूक होती तीही मोठी झाली. आणि ती मला दाखवून दिली तीही एका यंत्रानेच, खिशातल्या मोबाइलने. फरक एवढाच, की एक यंत्र मी माणसांकडे तोंड करून लावले होते आणि दुसरे स्वतःकडे.

यंत्रांनी शाळा बदलण्याचे प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झाले आहेत. माझ्या वयाच्या लोकांना दूरदर्शनवरची 'बालचित्रवाणी' आठवत असेल. १९८४ साली पुण्यात ती संस्था निघाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. मिरजेकडे आमच्या शाळेत एक टीव्ही होता. तो हेडमास्तरांच्या खोलीत कपाटात असे, आणि किल्ली हरवलेली असे. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून 'एज्युसॅट' उपग्रह सोडला तो खास शिक्षणासाठी. आपल्या कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळा त्याला जोडल्या होत्या. २०१० मध्ये त्या उपग्रहाचे काम संपले. याच बेंगळुरातल्या अझीम प्रेमजी फाउंडेशनने सुरुवातीच्या वर्षांत सरकारी शाळांतून संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याचे मोठे काम केले, सीडी काढल्या. पुढे त्यांनी त्यातून हात काढता घेतला. २०१० च्या डिसेंबरात त्यांच्यापैकी अनुराग बेहार यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिले, की संगणकाच्या आकर्षणापायी शाळेच्या खऱ्या प्रश्नांवरून लक्ष उडते. स्वतः पैसा आणि माणसे घालून केलेल्या कामाबद्दल असे लिहायला धैर्य लागते. आमच्याकडे बिघाडाच्या अहवालात 'आमची चूक' असे लिहिलेले मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

ताईची गोष्ट सांगतो. जत तालुक्यात पुष्कळ घरांतून कानडी बोलतात. तिच्या शाळेचे माध्यम मराठी, पण निम्मी पोरे घरी कानडी. गावाने लोकवर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही घेतला. २०१५ नंतर महाराष्ट्रात डिजिटल शाळांची जी लाट आली त्यात बऱ्याच गावांनी असे केले. टीव्हीवर कविता लागली की पोरे हातवारे करून, ठेक्यात, एका सुरात म्हणायची. पाहुणे, साहेब, सगळे टाळ्या वाजवायचे. एकदा ताईने सहज एका मुलीला विचारले, "पक्षी म्हणजे काय गं?" मुलगी तोंडाकडे बघत राहिली. सगळी कविता पाठ, आणि पक्षी माहीत नाही! ताईने मग टीव्ही बंद केला नाही. चित्र आले की ती तिथेच थांबवी आणि विचारी, "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" "हक्की." "आणि याला?" "बावी." मग फळ्यावर दोन रकाने : पक्षी, हक्की, विहीर, बावी. कविता संपायला दोन दिवस लागू लागले. दाजी थट्टेने म्हणतात, हिचा टीव्ही चालतो कमी आणि थांबतो जास्त.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिनेही व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवला. निळ्या खुणा येत. खुणा येतात म्हणजे अभ्यास होतो असा तिने महिनाभर समज करून घेतला. मग कळले, घरात मोबाइल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप ऊसतोडीला गेलेला. निळ्या खुणा तो करत होता. हे तिने मला हसत सांगितले, पण तेव्हा ती रडली होती असे दाजी सांगतात. पुढे परवानगी मिळाल्यावर ती पाच-पाच पोरांना लिंबाच्या झाडाखाली बसवू लागली.

याच २०२० मध्ये, ३ डिसेंबरला, आपल्या सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर त्यांनी क्यूआर कोड छापले. मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. मला इंजिनियर म्हणून यातली गंमत वाटते ती अशी : हा काळा-पांढरा चौकोन १९९४ साली जपानात डेन्सो वेव्ह कंपनीने काढला तो मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. त्याचा पुस्तकाशी काही संबंध नव्हता. तो जोडला एका प्राथमिक शिक्षकाने, कारण आपल्या पोरांचे कुठे अडते ते त्यांना माहीत होते. आता सगळ्या पुस्तकांवर तो चौकोन आहे. किती मोबाइल त्याच्यावर धरले जातात, हे समोरच्या बाई मला जास्त चांगले सांगू शकतील.

बाईंवरून आठवले. आज सत्कार झालेल्यांपैकी एक बाई इथल्या सरकारी हायस्कुलात गणित शिकवतात. त्यांचे नाव मी घेत नाही, त्या मघाशीच डोळे वटारून बसल्या आहेत. त्या जिओजेब्रा वापरतात. हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे, २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केले. त्यात त्रिकोणाचे टोक माउसने कसेही ओढा, तीन कोनांची बेरीज १८० च राहते. पहिल्या वर्षी त्यांनी ते दाखवले, मुले 'हां मिस' म्हणाली आणि विसरली. दुसऱ्या वर्षी त्यांनी क्रम उलटा केला. आधी प्रत्येकाने कागदावर आपला त्रिकोण काढायचा आणि कोनमापकाने मोजायचा. कोणाची बेरीज १७८ आली, कोणाची १८३. भांडणे झाली. एकाने तर कोनमापक खोटा आहे म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. आणि मग पडदा लावला. त्या म्हणाल्या, "भांडण झालेलं असलं की पोरं पडद्याकडे बघतात." हे वाक्य मी लिहून ठेवले आहे.

असा क्रम उलटा करणे काही आजचे नाही. गुजरातच्या गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' हे छोटे पुस्तक ताईने मला दिले. सुमारे नव्वद वर्षांपूर्वीचे. त्यातला लक्ष्मीराम मास्तर घरून छान टाचण करून येतो, मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो, आणि वर्गात असा काही गोंधळ उडतो की त्या दिवशी मुलांना सुट्टीच द्यावी लागते. घरी जाऊन तो विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीने सुरुवात करतो. त्याच्याकडे प्रोजेक्टर नव्हता, मोबाइल नव्हता. आपली फजिती त्याने लपवली नाही, एवढेच. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या लीलाताई पाटील यांची पुस्तकेही ताईकडे आहेत. त्यांतल्या एकाचे नावच 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं' असे आहे. तेव्हापासून मी एक साधी वही केली. उजव्या पानावर तासाआधी काय करणार ते, डाव्या पानावर तासानंतर काय झाले ते. डावी पाने बरीच लाल शाईची आहेत. 'सिम्युलेटरवर सगळे बटणे दाबतात, का दाबतात ते कोणी सांगत नाही.' 'प्रश्नमंजूषेत शेजाऱ्याचे बघून उत्तर.' 'आज तीन सेकंद थांबलो, सेलमवाला बोलला.' काही गोष्टी शेवटपर्यंत जमल्या नाहीत. चार भाषांच्या वर्गात सगळ्यांना बोलते करणे मला आजही येत नाही.

प्रोजेक्टर मी सोडला नाही. पण पोलादी पट्टी पहिल्या दिवशी, दिवे चालू असताना, हातात देऊ लागलो. ती पंचवीस हातांतून फिरते, कोणी नखाने जाडी पाहतो, कोणी वास घेतो. मग यार्डात नेऊन विचारतो, कुठे धराल? का? पडदा त्यानंतर.

माझी मुदत संपली आणि मी पुन्हा साइटवर आलो. माझ्या जागी आलेल्या साहेबांना दोन्ही स्लाइड्स देऊन आलो, दुरुस्त केलेली आणि जुनी चुकीची. म्हटले, आधी जुनी दाखवा, काही सांगू नका, यात चूक आहे ती शोधा एवढेच म्हणा, आणि थांबा. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. पहिल्या बॅचला अकरा मिनिटे लागली. साहेब म्हणाले, ती अकरा मिनिटे गप्प राहताना मला घाम फुटला.

आरतीची वेळ झाली आहे, आणि मागे मुले प्रसादाच्या ताटाकडे बघत आहेत. गणपती बाप्पा मोरया!